जाळीतला लाल रंग

१

रुग्णवाहिका चढणीवर बंद पडली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मोठं रुग्णालय अजून वीस मिनिटांवर होतं. ती वीस मिनिटं काही सरली नाहीत. दुसरी गाडी पोचायला पाऊण तास लागला, तोवर आत झोपवलेल्या बाई गेल्या. शाळेत गणित शिकवायच्या, वय बेचाळीस. नवरा शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसला होता आणि ड्रायव्हर उघड्या बॉनेटसमोर वेड्यासारखा उभा होता.

चौथ्या दिवशी रुग्णालयाच्या अधीक्षकबाईंनी उस्तादांना बोलावून घेतलं. उस्ताद म्हणजे रुग्णालयाच्या वर्कशॉपचे जुने फोरमन. चौतीस वर्षं त्यांनी तिथल्या गाड्या दुरुस्त केल्या आणि अकरा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुठेच नव्हतं. बायको होती तोवर तीसुद्धा त्यांना उस्तादच म्हणायची, फक्त जरा वेगळ्या सुरात.

"इंजिन जाम झालंय," अधीक्षकबाई म्हणाल्या. "ऑइलचं प्रेशर गेलं होतं. दिवा पेटलेला दिसत असून ड्रायव्हरने गाडी दामटली, असं वर्कशॉपने लिहून दिलंय. निष्काळजीपणाने मृत्यू. पोलिसांकडे जायचा कागद तयार आहे, फक्त तुमचा तपासणी अहवाल जोडायचाय. तीन दिवस पुरतील?"

"वर्कशॉपचा फोरमन आता माझा जावई आहे," उस्ताद म्हणाले. "उद्या कुणी बोट दाखवेल."

"माहितीये मला. पण त्या गाडीला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. आणि तुम्ही खोटं लिहिणार नाही, असं सगळेच म्हणतात. तो ड्रायव्हरसुद्धा."

हे शेवटचं वाक्य उस्तादांना टोचलं. ते काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा माणूस उठून उभा राहिला. तो गेलेल्या बाईंचा नवरा. पुस्तकं बांधायचं काम करायचा. नखांच्या कडांना सुकलेला डिंक अजून तसाच होता.

"मला इंजिनातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "कुणामुळे झालं, तेवढं एक नाव सांगा. बाकी काही नको."

"सांगतो," उस्ताद म्हणाले.

ते जिना उतरले. एक गोष्ट त्यांनी वर सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तोच ड्रायव्हर त्यांच्या दारात आला होता, गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा पडतो अशी तक्रार घेऊन. आणि उस्तादांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

२

ड्रायव्हरला सगळे गोगलगाय म्हणत. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि गोगलगाय, हा विनोद वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं चघळला जात होता. पण त्याच्या गाडीत झोपलेल्या पेशंटला कधी गचका बसला नाही, म्हणून डॉक्टर मंडळी त्यालाच मागत. आता तो निलंबित होता आणि वर्कशॉपच्या फाटकाबाहेरच्या बाकावर रोज येऊन बसायचा. घरी बसवत नसावं.

"दिवा लागला होता?" उस्तादांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"लागला होता. खोटं कशाला बोलू?"

"आणि तू चालवत राहिलास."

"हो."

उस्तादांना राग आला, आणि थोडं बरंही वाटलं. माणूस कबूल करतोय म्हणजे प्रकरण सरळ आहे. घरी जावं, दोन ओळी लिहाव्यात, मोकळं व्हावं. पण ड्रायव्हरने पिशवीतून गाडीची डायरी काढून त्यांच्या हातात ठेवली. रोजच्या फेऱ्यांची नोंद, आणि मध्येमध्ये त्याच्या बारीक अक्षरात दुसरंच काही लिहिलेलं.

"जोरात नेली की काटा पडतो. पाच मिनिटं उभी केली की परत वर येतो." तीन वेळा, जवळजवळ याच शब्दांत. तिसऱ्या नोंदीनंतर तीन आठवडे "काटा ठीक". आणि मग पुन्हा तेच, "काटा पडतो".

उस्ताद ते वाचून बाकावर बसले. जुन्या इंजिनाचं प्रेशर कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा बेरिंग झिजलेली असतात. पण झिजलेलं इंजिन तापल्यावर, उभ्या गाडीत कुरकुरतं. वेग दिला की काटा उलट वर चढतो. इथे सगळं उफराटं होतं. जोरात नेल्यावर पडायचं आणि थांबल्यावर सुधारायचं. विहिरीवरच्या पंपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकावा, पंप बंद केला की तो सुटून खाली बसावा, तसं काहीतरी.

"त्या दिवशी किती जोरात नेलीस?"

"आयुष्यात पहिल्यांदा सुसाट नेली. बाईंचा श्वास लागत होता, त्यांचे यजमान मागून ओरडत होते, लवकर चला, लवकर चला. मी काय करणार होतो, उस्ताद?" त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "दिवा लागला तरी चालव, मीटर खोटं आहे, असं मला सांगितलं होतं. म्हणून थांबलो नाही."

"कुणी सांगितलं?"

ड्रायव्हरने फाटकाकडे पाहिलं.

"माझ्याकडे पुरावा नाही. ते नाही म्हणतील," तो म्हणाला. "तुम्हाला विचारायचंच असेल, तर तुमच्या घरात विचारा."

३

वर्कशॉपमध्ये पाऊल टाकताच उस्तादांना डिझेलचा, ओल्या फडक्यांचा तोच जुना वास आला. मागच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर रुग्णवाहिका उभी होती. बावीस वर्षांची गाडी. तिचं इंजिन त्यांनीच शेवटचं बांधलं होतं, निवृत्तीच्या दिवशी.

त्या वर्कशॉपला एक सवय होती, आणि ती उस्तादांनीच लावलेली. ज्याने बोल्ट आवळला त्याने बोल्टावरून शेजारच्या पत्र्यावर जाणारी रंगाची एक छोटी रेघ ओढायची. बोल्ट कुणी फिरवला तर रेघ तुटते, आणि रंगावरून काम कुणाचं तेही कळतं. जावयाचा रंग पांढरा. इलेक्ट्रिशियनचा पिवळा, त्याला सगळे ठिणगी म्हणत. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना कुलूपताई हे नाव पडलं होतं, कारण त्या चहाची साखरसुद्धा कुलपात ठेवायच्या. त्या डब्यांवर निळी खूण करायच्या. लाल रंग फक्त उस्तादांचा. आणि लाल रेघेच्या इंजिनाला उस्तादांना विचारल्याशिवाय कुणी पाना लावायचा नाही, हा नियम. एकदा एकाने लावला होता, तर उस्ताद त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

त्यांनी बाह्या सरसावल्या. आधी सोपं, मग अवघड. पट्टी ओढून पाहिली: तेल काठोकाठ. बोटावर घेऊन चोळलं: डिझेलचा वास नाही, पण तेल फारच घट्ट.

"इतकं जाड तेल कुणी घालायला दिलं?" त्यांनी कुलूपताईंना विचारलं.

"मागितलं ते दिलं," कुलूपताई फटकन म्हणाल्या. "काटा पडतो म्हणून जाड तेल घाला, असं वरून सांगणं आलं. माझ्या तेलात खोट नाही हं, उस्ताद. सीलबंद डबे आहेत, या, दाखवते."

डबे खरंच सीलबंद होते. तेलात खोट नव्हती. फक्त ज्याचा घसा आवळलाय त्याला पातळ पेज द्यायची सोडून घट्ट लापशी पाजल्यासारखं झालं होतं.

ठिणगी नेहमीसारखा तोंडाळपणा करत नव्हता. उजवा हात खिशात घालून उभा होता. "मी मीटर दोनदा बदललं, उस्ताद. दोन्ही मीटरं तेच दाखवायची. म्हणून म्हटलं, मीटरच खोटी येतायत हल्ली."

"दोन मीटरं एकच खोटं बोलतात होय?" उस्ताद म्हणाले. "आणि खोट्या मीटरने बेरिंग जळतात का रे, ठिणग्या?"

तो खाली बघायला लागला. उस्तादांनी ऑइलचा फिल्टर काढला, कापून उलगडून फडक्यावर पसरला. त्यात कचरा असायला हवा होता. अकरा महिने चाललेल्या जुन्या इंजिनाचा फिल्टर, आणि जवळजवळ कोरा. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. फिल्टर स्वच्छ, हीच तर तक्रार. कचरा फिल्टरपर्यंत पोचतच नव्हता. तो त्याच्याआधीच कुठेतरी अडत होता.

त्याच्याआधी ऑइल पंप असतो. पंप त्यांनी तपासला, चांगला निघाला. पंपाच्या आधी असते जाळी, तेल ओढायच्या नळीच्या तोंडाशी. आणि ती जाळी बुडते इंजिनाच्या तळाशी बसवलेल्या तेलाच्या परातीत. कामगार तिला चेंबर म्हणतात.

"चेंबर उघडला होता कधी?" त्यांनी विचारलं.

"छे!" कुलूपताई घाईने म्हणाल्या. "त्या चेंबरला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंच होतं ना आमचं."

"कुणाचं ठरलं होतं?"

कुलूपताईंनी जीभ चावली. ठिणगीचा खिशातला हात आणखी खोल गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच कामं आठवल्यासारखी दोन दिशांना निघून गेली.

४

जावई फोरमनच्या खोलीत होते. ती खोली उस्तादांची. टेबलही तेच, खुर्ची मात्र नवी. जावई त्यांच्याच हाताखाली शिकलेले. लग्नाआधी उस्ताद त्यांना तू म्हणायचे आणि चुकलं की पाना फेकून मारायचे. मुलगी दिली त्या दिवसापासून तुम्ही म्हणायला लागले.

"चेंबर उद्या सकाळी उतरवतो," उस्ताद म्हणाले. "सगळ्यांसमोर. अधीक्षकबाईंचा माणूस साक्षीला असेल."

"कशाला त्रास घेता? बेरिंग गेली. जुनं इंजिन आहे. लिहा तसं, मी सही करतो."

"डायरीत उलटं लिहिलंय."

"गोगलगायीची डायरी?" जावई हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"ड्रायव्हरला दिवा लागला तरी चालव, असं तुम्ही सांगितलंत?"

"मी? छे. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतोय तो."

उस्तादांनी मान डोलावली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. चेंबरला अठरा बोल्ट होते. त्यांना स्वतःला तो बसवल्याचं आठवत नव्हतं, आणि आठवणारही नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी सगळं इंजिन त्यांनी बांधलं, शेवटी फक्त चेंबर राहिला तेव्हा जावई म्हणाले होते, "तुम्ही हात धुवा, उस्ताद, लोक खोळंबलेत. एवढं आम्ही आवळतो." म्हणून अठराही बोल्टांवर रेघा पांढऱ्या होत्या.

पण टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसलं. प्रत्येक रेघेखाली आणखी एक रेघ होती, जुनी, मळकी, मधोमध तुटलेली. तिच्यावरून नवी पांढरी रेघ ओढलेली. चेंबर एकदा उघडला गेला होता. ज्याने उघडला त्याने तो पुन्हा बसवला, सवयीने रेघाही ओढल्या, आणि वर्कशॉपला त्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. सवय माणसाला अशी पकडून देते.

दुपारी मुलगी जेवणाचा डबा घेऊन वडिलांच्या घरी आली. तिने डबा उघडला नाही, नुसतीच समोर बसली.

"बाबा, हे तीन रात्री झोपले नाहीयेत. काय झालंय ते मला सांगत नाहीत. तुम्ही काय शोधताय?"

"अजून सापडलं नाही."

"सापडलं आणि यांचं नाव निघालं, तर?" तिने पदराचं टोक मुठीत आवळलं. "तो ड्रायव्हर एकटा माणूस आहे, बाबा. मागे-पुढे कुणी नाही त्याचं. आमच्याकडे दोन मुलं आहेत."

ती हे बोलली आणि स्वतःच्याच शब्दांनी ओशाळली. उस्तादांना तिच्यावर रागावताही येईना. एकट्या माणसाला आत पाठवणं सोयीचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते सगळ्यांना आपोआप कळतं.

ती गेल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. निरोपसमारंभाचा फोटो. मध्ये उस्ताद, बाजूला जावई, ठिणगी, कुलूपताई. हा फोटो ते रोज बघायचे आणि रोज त्यांना वाटायचं, किती आदराने उभी आहेत ही माणसं. आज पहिल्यांदा त्यांना दिसलं की तिघांचेही उजवे हात पाठीमागे आहेत. कुलूपताईंनी तर चहाचा कप डाव्या हातात धरलाय. आणि खाली, फोटोच्या कडेला, रंग पुसायच्या थिनरची उघडी बाटली.

उस्तादांनी फोटो खुंटीवरून काढला आणि खिडकीपाशी नेला. कुलूपताईंच्या डाव्या कोपरावर एक डाग होता. निळा.

५

सकाळी सगळे खड्ड्याभोवती उभे होते. अधीक्षकबाईंचा कारकून वही घेऊन आला होता, त्याला उस्तादांनी स्टुलावर बसवलं. ड्रायव्हरलाही आत बोलावलं. जावई म्हणाले, याचं काय काम? उस्ताद म्हणाले, याचंच काम आहे.

एकेक बोल्ट सोडत उस्तादांनी चेंबर खाली घेतला. काळं तेल बादलीत उतरलं. मग त्यांनी वर हात घालून जाळी सोडवली, डिझेलने धुतली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

जाळीचं तोंड पापुद्र्यांनी गच्च भरलं होतं. भिंतीवरचा जुना रंग सुटावा तसे पापुद्रे. सगळेच्या सगळे लाल.

कारकुनाने विचारलं, "लाल रंग कुणाचा असतो इथे?" आणि सगळ्या माना उस्तादांकडे वळल्या. या वर्कशॉपमध्ये लाल रंगाची एकच डबी होती आणि ती त्यांची होती. पण त्यांची रेघ असायची इंजिनाच्या बाहेर. आत रंग जाणार कसा?

त्यांनी चेंबर उलटा करून निथळवला, पुसला आणि उजेडात धरला. पत्र्यावर तीन ठिकाणी तारेच्या ब्रशने खरवडल्याच्या खुणा होत्या, प्रत्येकी हाताच्या पंज्याएवढ्या. एका खुणेच्या कडेला बोटाच्या टोकाएवढा पांढरा रंग उरला होता, दुसरीच्या कडेला पिवळा, तिसरीच्या कडेला निळा. आणि या तिन्ही खुणांच्या मध्ये, जिथे ब्रश फिरलाच नव्हता, तिथे लाल रंगातली दोन मोठी अक्षरं शिल्लक होती: "ताद". आधीचं सगळं सोलून गेलं होतं.

"फोटोत तुमचे हात पाठीमागे का होते, ते आत्ता कळलं," उस्ताद सावकाश म्हणाले. "रंग ओला होता."

ठिणगीचा बांध फुटला. "तुमचं शेवटचं इंजिन होतं, उस्ताद! आमचे पंजे आत असावेत आणि मध्ये तुमचं नाव, तुमच्याच डबीतलं. ठरवलं, हा चेंबर आता कुणी उघडायचा नाही. डबीवर लिहिलं होतं, उष्णतेने रंग निघत नाही."

"तेलकट पत्र्यावर ब्रह्मदेवाने रंग दिला तरी टिकत नाही. हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं," कुलूपताई रडत म्हणाल्या. "पण त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? तुम्ही चालला होतात."

"हे झालं प्रेमाचं," उस्ताद म्हणाले. "पुढचं ऐका. रंग सुटायला लागला, जाळीवर जाऊन बसायला लागला. गोगलगाय हळू चालवतो, म्हणून तेल कसंबसं मिळत राहिलं. दुसरा कुणी असता तर इंजिन सहा महिन्यांतच गेलं असतं. ज्याला तुम्ही हसायचात त्यानेच ते जगवलं. त्याने तीनदा लिहून दिलं. तिसऱ्यांदा कुणीतरी गुपचूप चेंबर उघडला, जाळी साफ केली, तीन पंजे खरवडले. म्हणून डायरीत तीन आठवडे काटा ठीक. पण मधलं नाव त्याने तसंच ठेवलं. मग ते नाव सुटायला लागलं. या जाळीत पांढरा नाही, पिवळा नाही, निळा नाही. त्या बाई गेल्या त्या एवढ्या लाल रंगामुळे." ते जावयाकडे वळले. "बोल्टांवर रेघा दोन-दोन आहेत. दोन्ही पांढऱ्या."

जावयांचा चेहरा फडक्यासारखा पांढरा झाला होता. ते म्हणाले, "रविवारी एकट्याने केलं. तिघांचे पंजे काढले. तुमच्या नावावर ब्रश ठेवला आणि हात उचलेना. तुमचं नाव कसं खरवडू?"

"नाव खरवडायला हात उचलला नाही," उस्तादांचा आवाज चिरकला, "आणि तशी गाडी रस्त्यावर सोडायला उचलला? दिवा लागला तरी चालव, हे सांगायला जीभ उचलली?" आठ वर्षांनी त्यांच्या तोंडून पुन्हा तू निघाला. "मला का नाही विचारलंस रे तू?"

"विचारून काय झालं असतं?" जावईही आता भडकले. "लाल रेघेच्या इंजिनात दोष आहे, असं तुम्हाला आजवर कोण सांगू शकलंय? तुम्ही ऐकलं असतंत?"

उस्तादांची नजर फडक्यापलीकडे उभ्या असलेल्या ड्रायव्हरवर गेली. दोन महिन्यांपूर्वी, तीन आठवडे ठीक राहून काटा पुन्हा पडायला लागला तेव्हा, हाच माणूस त्यांच्या दारात चपला काढून उभा राहिला होता. "उस्ताद, एकदा येऊन बघाल का?" आणि ते दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाले होते, "माझ्या इंजिनात दोष काढतोस? आधी गाडी चालवायला शिक." मग दार लावून घेतलं होतं. जरा जोरातच.

कारकून उठून गेल्यावर जावई जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "अजूनही लिहिता येईल. जुनं इंजिन, आपोआप गेलं. तुमच्या मुलीकडे बघा."

"आणि ड्रायव्हर?"

जावयांनी खांदे उडवले. त्या उडवलेल्या खांद्यांनीच उस्तादांचा निर्णय पक्का केला.

६

चौकशीच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चेंबर ठेवला होता. उस्तादांनी चार पानी अहवाल वाचून दाखवला. ड्रायव्हरचा दोष नाही. दिवा लागला तरी चालव, हा आदेश फोरमनचा. रंग लावणारे तिघे. चेंबर उघडून दोष लपवणारा एक. सगळं मुद्देसूद, कुठेही आडपडदा नाही. वाचताना त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. ती दाराशी उभी होती आणि दुसऱ्या पानावर निघून गेली.

अधीक्षकबाईंनी पोलिसांकडे जायचा कागद बाजूला सारला आणि नवा कागद ओढला. जावई खाली मान घालून बसले होते. ड्रायव्हरला त्या म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून कामावर या." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि नमस्कार करून खोलीबाहेर पडला. उस्तादांच्या शेजारून जाताना तो थांबेल असं त्यांना वाटलं होतं. तो थांबला नाही.

बाकीचे उठायला लागले. गेलेल्या बाईंचा नवरा मात्र टेबलापाशी आला. अहवालातलं त्याला फारसं कळलं नसावं. त्याने चेंबरच्या काठावर हात ठेवला, आत वाकून पाहिलं, आणि डिंक लागलेलं बोट लाल अक्षरांवरून हळूच फिरवलं. एक पापुद्रा सुटून त्याच्या बोटाला चिकटला.

"चार पानांत बरीच नावं आली," तो म्हणाला. "पण हे जे आत लिहिलंय ना, जे जाळीत अडकलं म्हणालात, ते नाव कुणाचं?"

जावयांनी मान वर केली. अधीक्षकबाई लिहिता लिहिता थांबल्या. अहवालाच्या चार पानांत उस्तादांनी सगळं लिहिलं होतं. फक्त आपल्या दारात आलेल्या माणसाबद्दल लिहिलं नव्हतं.

"माझं," उस्ताद म्हणाले.

त्या माणसाने मान हलवली. मग बोटावरचा लाल पापुद्रा त्याने वर्तमानपत्राच्या कडेला पुसला आणि दाराकडे गेला.

उस्ताद पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांनी अधीक्षकबाईंकडून पाचवा कोरा कागद मागून घेतला आणि दोन महिन्यांपूर्वी ड्रायव्हर दारात आला त्या दिवसाची तारीख घालून लिहायला सुरुवात केली.